लग्न तोंडावर आलंय, आणि मला आनंदच होत नाही

"मॅडम, मला काहीच वाटत नाहीये. सगळे म्हणतात नवरीच्या तोंडावर तेज नाही. लग्न मोडू का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. लग्नाला २३ दिवस उरले होते. हॉल ठरलेला, बस्ता बांधून झालेला, पत्रिका छापायला जायच्या बेतात.

मी समुपदेशन करते. एप्रिल-मे हा माझ्याकडे नवऱ्या मुलींचा हंगाम. बहुतेकींचा प्रश्न हाच असतो, शब्द तेवढे वेगळे. कुणी म्हणते झोप लागत नाही, कुणी म्हणते त्याचा फोन आला की उचलावासा वाटत नाही, कुणी नुसतीच रडते. त्यातली ही एक गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि नाव द्यायचं नाही म्हणून तिला नवरीच म्हणते.

नवरी सांगलीची, नोकरी पुण्यात, महिनाभर घरून काम करत होती. मुलगा पुण्याचाच, स्थळ नात्यातून आलेलं, ओळख सात महिन्यांची. वडील ती नववीत असताना गेले. आई आणि ती, दोघीच. काका-काकू शेजारच्याच गल्लीत, लग्नाचं सगळं तेच बघत होते.

'लग्न मोडू का' याचं उत्तर मी कुणालाच देत नाही. आधी एक गोष्ट करायला सांगते. लग्नाचा दिवस विसर. हार, फोटो, जेवणावळ, सगळं झालं. त्यानंतर तीन महिन्यांनी एक साधा मंगळवार आहे. तू कामावरून घरी आलीस. तो घरात आहे. काय दिसतंय?

तिनं डोळे मिटले. "तो भेंडी चिरतोय. वेडीवाकडी. एक बोटाएवढी, एक नखाएवढी." आणि हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

या प्रश्नाला मी खूप मान देते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं याच मंगळवारी दाराबाहेर उभं राहून आधी कानोसा घेतला होता. म्हणाली, "त्याचा मूड कसा आहे ते बघून आत जाईन." तिच्याशी मी पुढं अगदी वेगळं बोलले, आणि ते लग्न झालं नाही. ज्याची भीती वाटते, जो फोन तपासतो, ज्याच्या घरून 'आमची काही मागणी नाही, पण' असं सुरू होतं, तिथं उतरलेला चेहरा खरं बोलत असतो. हुंडा मागणं १९६१ पासून गुन्हा आहे, मग त्याला मानपान म्हणा नाहीतर मुलीच्या हौसेसाठी म्हणा. पण ही नवरी दाराबाहेर थांबली नव्हती. सरळ आत जाऊन भेंडीला हसली होती. म्हणजे गाठ दुसरीकडं होती.

तिला एक वही करायला सांगितली. रोज रात्री दहा मिनिटं, लग्नाबद्दल जे मनात येईल ते. शुद्धलेखन नको, कुणाला दाखवायचं नाही, वाटलं तर मला दाखव.

आठवड्यानं ती वही घेऊन आली. पहिली चार पानं तर नुसती यादी होती. ब्लाउज काखेत घट्ट झालाय. नऊवारीत पाय अडकून पडले तर? मेकअपवालीला आगाऊ पैसे दिलेत आणि ती फोन उचलत नाही. सासूबाईंनी तांदळात लिहायला दोन नावं काढून ठेवलीत, मला माझंच नाव आवडतं. पाळी नेमकी हळदीच्या दिवशी येणार.

यातल्या दोन गोष्टी तेव्हाच निकालात काढल्या, कारण त्यांना समुपदेशन लागत नाही, माहिती लागते. नाव: लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. ताटातल्या तांदळावर काय लिहायचं हा घरचा प्रश्न, कागदपत्रांवरचं नाव तुझा. पाळी: ती पुढं ढकलायची गोळी साधारणपणे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात, त्यामुळे आदल्या रात्री मेडिकलमध्ये धावून उपयोग नसतो. आणि मैत्रिणीनं घेतली म्हणून आपण घ्यायची ही ती गोळी नव्हे. घरात कुणाला रक्तात गुठळ्या व्हायचा त्रास असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावं लागतं. (हा प्रश्न मुली मला चौथ्या-पाचव्या भेटीत विचारतात, तोवर बिचाऱ्या पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बोटं मोजत असतात.)

पाचव्या पानापासून अक्षर बदललं. तिथली वाक्यं तिच्याच शब्दांत:

"पत्रिकेचा कच्चा नमुना आला. निमंत्रक काका-काकू. आईचं नाव खाली, श्रीमती लावून. वर सगळ्या सौ. काकूला विचारलं, तर म्हणाली, अशीच पद्धत असते."

"आत्याकडे केळवण. आई आली नाही. पित्त झालंय म्हणाली. मागच्या रविवारी मावशीकडेही पित्तच झालं होतं."

"बस्त्याला आई मागच्या गादीवर बसली. शालू आत्यानं निवडला. पैसे आईनं दिले."

आणि मग एक पान, ज्यावर एवढंच: "फ्रीजवर यादी चिकटवलीय. हळदीला पाच सवाष्णी. यादी आईच्या अक्षरात आहे."

मी वही मिटली. तिला विचारलं, आई काय करते?

"हळदीच्या गोदामात जाते. निवडायला. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मी शाळेत होते तेव्हापासून." थोडं थांबून म्हणाली, "वर्षभर तिचे हात पिवळेच असतात, मॅडम."

बाहेरच्यांसाठी सांगते, सांगलीत हळद हा नुसता मसाला नाही. इथली राजापुरी हळद देशभर जाते, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं टिकवत, २००५ च्या पुरानं त्यातली बरीच गेली. या व्यापाराच्या तळाशी अशा कितीतरी बायका बसलेल्या असतात, पदर तोंडाला बांधून. त्यातली एक बाई स्वतःच्या मुलीला लावायच्या हळदीपासून चार हात लांब राहणार होती, आणि मुलीला वाटत होतं की आपल्याला नवरा पसंत नाही.

असं का होतं? घरात चांगलं कार्य असताना दुःखाला जागा नसते. 'शुभ बोल' म्हणून गप्प बसवतात. मग ते दुःख आपला पत्ता बदलतं. ब्लाउजवर जातं, मेकअपवालीवर जातं, शेवटी ज्याच्यावर काहीही ढकलता येतं त्या बिचाऱ्या नवऱ्या मुलावर जातं. वडील गेल्याचं दुःखही तिथंच कुठंतरी होतं. मी तिला सांगितलं, तुला आनंद होत नाही कारण तू आईच्या शेजारी जाऊन बसली आहेस, मागच्या गादीवर. ती खूप वेळ रडली. मी पाणी दिलं आणि गप्प राहिले.

इथवर ठीक होतं. पुढं मी चूक केली.

पुढच्या भेटीला आईला बोलावलं आणि मी जरा जास्तच उत्साहात होते. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आमच्यापासून तासाभरावर. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. हे सगळं मी त्यांना भाषण दिल्यासारखं सांगितलं. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा आहे, आणि हळद लावायला तर कुठलाच कायदा कधी आडवा आला नव्हता, हेही सुनावलं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हेरवाडला ठराव झाला. आमच्या घरी नाही झाला."

मी गप्प.

"आणि मला कुणी आडवलेलं नाही हो. जाऊबाई तर म्हणाल्या, लाव की. मीच मागं सरते. उद्या हिच्या संसारात काही कमीजास्त झालं, तर लोक माझ्या हाताकडं बघतील. लोकांचं सोडा. मीच बघीन."

मुलीनं आईचं हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. तिला वाटत होतं काकू वाईट आहे. काकूवर चिडून तिनं पंधरा दिवस काढले होते.

इतक्या वर्षांत मला हे कळायला हवं होतं, की आई 'मुक्त' व्हायला माझ्याकडे आलेलीच नव्हती. ती पाहुणी म्हणून आली होती, मुलीसाठी. तिची भीती जुनी, अंगात मुरलेली, आणि १५ दिवसांत ती निघणार नव्हती. म्हणून विचारलं, "ताई, काय केलेलं तुम्हाला चालेल?" हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारला नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हळद मी निवडून देईन."

त्यानंतर त्या दोघींनी जे केलं त्यात माझा वाटा थोडाच.

नवरीनं आधी पत्रिका थांबवली. आईचं नाव वर घेतलं, श्रीमती काढलं, आणि सगळ्यांच्याच मागची सौ. काढून टाकली. काकू दोन दिवस रुसली. मग स्वतःच छापखान्यात जाऊन आली, कारण शुद्धलेखनाच्या दोन चुका तिनंच पकडल्या होत्या.

मग तिनं मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, लग्न मोडू का असं विचारायला आपण गेलो होतो हेसुद्धा. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं आजी पण मागंच बसते कार्यात. माझ्या कधी लक्षातच आलं नाही." मला हे उत्तर आवडलं. 'मी सगळं बदलतो' म्हणणाऱ्या मुलांपेक्षा हा बरा.

गुरुजींकडे दोघी मायलेकी गेल्या. गुरुजींनी सांगितलं ते मलाही नवं होतं. हळद हा लोकाचार, त्याला शास्त्राची आडकाठी नाही. आणि कन्यादानाचं म्हणाल तर याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादान करणाऱ्यांची क्रमवारी दिली आहे, वडील, आजोबा, भाऊ, भाऊबंद, आणि मग आई. शेवटी का होईना, आई आहे. मीही नंतर कायदा पुन्हा उघडून बघितला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सप्तपदीचं बोलतं, सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. पाच सवाष्णींचा त्यात उल्लेख नाही. पण आईनं मान हलवली. कन्यादान काका-काकूंनीच करायचं. नवरीनंही ताणलं नाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला हळदीचं वाटत होतं.

हे सांगायला हवं, कारण मुली मला विचारतात, 'मग मी किती ताणू?' माझ्याकडे मोजपट्टी नाही. या मुलीनं वहीतल्या कुठल्या ओळीपाशी आपलं अक्षर बदललं ते बघितलं आणि तेवढंच धरलं.

आणखी एक, घाईनं का होईना. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, अन्न जात नाही, जगू नये असं मनात येतं, तर ते 'लग्नाचं टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. या नवरीला ते लागलं नाही. वही सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या रात्रीपासून तिला झोप लागायला लागली होती.

लग्न झाल्यावर दीड महिन्यानं ती आली, पेढे घेऊन. नवरा बाहेर गाडी लावायला जागा शोधत होता. वही तिनं माझ्यापुढं उघडून ठेवली. शेवटचं पान लग्नाच्या दिवशीचं, घाईत, पेन्सिलीनं लिहिलेलं. तिनं ते इथे द्यायला सांगितलं आहे.

"सांगलीची हळद म्हणून त्यांच्याकडच्यांनीही आईकडूनच मागवली. म्हणजे दोन्हीकडं आईनं निवडलेली. त्याची उष्टी हळद रात्रीच आली, वाटी आईकडं ठेवायला दिली. पहाटे पाचला आईनं उठवलं. खोलीत दोघीच. दिवा लावला नाही. म्हणाली, कुणाला सांगू नकोस. कपाळाला लावली, गालांना, हातांना. हात थरथरत होता. थोडी नाकात गेली, मला शिंक आली, मग दोघी तोंड दाबून हसलो. बाबांचं काहीतरी बोलली, ते लिहीत नाही. सातला सगळ्या उठल्या, हळद झाली, गाणी झाली. आई चहा घेऊन आत-बाहेर करत होती. तिनं हात धुतले नव्हते. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिचे हात पिवळेच असतात."