डिकी कुणी कापली?

प्रश्न : छोट्या सेदान (मागे वेगळी डिकी असलेल्या) गाड्यांची मागची बाजू करवतीने कापल्यासारखी का दिसते? आणि परीक्षणांत त्यावर कुणी का बोलत नाही? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : करवत सरकारी आहे हो! 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. अट म्हणजे पेट्रोल इंजिन 1200 सीसी, डिझेल 1500 सीसीपर्यंत. मग डिझाइनरच्या पेन्सिलीआधी मोजायची टेप आली. पहिली स्विफ्ट डिझायर 4160 मिलिमीटरची होती, 2012ची 3995ची. कात्री लागली ती डिकीला. एकदा बाजूने उभं राहून बघा, मागच्या चाकानंतर गाडी अचानक संपते. (सदाशिव पेठेत पार्किंग शोधणाऱ्याला हे वरदानच वाटेल, ते सोडा.) सप्टेंबर 2025पासून या गाड्यांना 18 टक्के जीएसटी, मोठ्यांना 40. म्हणजे कात्री इतक्यात म्यान होत नाही.

परीक्षणांचं म्हणाल तर चाचणीची गाडी कंपनीची, बरेचदा विमानाचं तिकीट आणि हॉटेलही तिचंच. वर जाहिरात पुढच्या पानावर. तेव्हा ‘मागून थोडी वेगळी दिसते’ असं छापलेलं दिसलं, की खुशाल ‘कुरूप’ वाचा. आणि परीक्षणावर विसंबण्यापेक्षा मागे तिघांना बसवून कात्रजचा घाट स्वतःच चढून बघा.