गणित शंका-समाधान : सहा पडणार कधी?

प्रश्न : दोन फासे टाकले की बेरीज 2 ते 12 यांपैकी काहीही येते. म्हणजे शक्यता 11. मग बेरीज 7 येण्याची संभाव्यता 1/11 का नाही? उत्तर 1/6 दिलंय.
– दहावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : बेरजा 11 आहेत हे खरं, पण त्या समसंभाव्य नाहीत. ‘अनुकूल भागिले एकूण’ हे सूत्र समसंभाव्य निष्पत्तींनाच चालतं. एक फासा लाल आणि एक पांढरा समज. वहीत 6 ओळी आणि 6 रकाने आख, ओळींना लाल फाशाचे अंक दे, रकान्यांना पांढऱ्याचे, आणि चौकटींत बेरजा भर. चौकटी 36. त्यांत 7 हा आकडा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेषेत 6 वेळा दिसेल. म्हणून 6/36, म्हणजे 1/6. बेरीज 2 मात्र (1,1) या एकाच चौकटीत. पुढे 3 दोनदा, 4 तीनदा असं 7 पर्यंत चढत जातं आणि 12 पर्यंत तसंच उतरतं. सगळ्यांची बेरीज 36 आली नाही, तर कुठेतरी चुकलंय.

गुण जातात ते दोन ठिकाणी. (2,5) आणि (5,2) एकच धरल्या की निष्पत्ती 21 उरतात आणि 7 साठी 3/21 असं चुकीचं उत्तर येतं. दोन्ही फासे पांढरे असले तरी जोड्या 36 च; रंग फक्त आपल्याला ओळखायला. उलट (3,3) दोनदा लिहायची नाही. ‘निदान एका फाशावर 6’ यातही तेच : ओळीत 6, रकान्यात 6, पण (6,6) दोन्हींत आहे, म्हणून 12/36 नव्हे, 11/36.

प्रश्न : लुडोत सोंगटी बाहेर काढायला 6 लागतो. सहादा फासा टाकल्यावर एकदा तरी 6 यायलाच हवा ना? आमच्या मुलाला पहिल्या आठ डावांत आला नाही. फासा खोटा आहे का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : 1/6 सहादा मिळवून 1 करता येत नाही, तसं असतं तर सात वेळा टाकल्यावर संभाव्यता 1 च्या वर गेली असती! इथे उलट बाजूने मोजा. एका फेकीत 6 न येण्याची संभाव्यता 5/6. सहाही फेकींत न येण्याची 5/6 चा सहावा घात, सुमारे 0.335. म्हणजे एकदा तरी 6 येण्याची 66.5 टक्केच. चार फेकींत ती 51.8 टक्के असते, आणि 90 टक्क्यांच्या वर जायला 13 फेकी लागतात.

आठ फेकी कोऱ्या जाण्याची संभाव्यता 23 टक्के. खेळणारे चार असतील, तर त्यांतल्या कुणा ना कुणाचे पहिले आठ डाव कोरे जाण्याची 65 टक्के. तेव्हा मुलाचं रडगाणं तसं नेहमीचंच.

फ्रेंच गणिती पास्कलने 1654 मध्ये फर्मा या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात असाच घोळ आहे. एका फाशावर 6 साठी 4 फेकी पुरतात, मग दोन फाशांवर (6,6) साठी सहापट, म्हणजे 24 पुरायला हव्यात, असा तो हिशेब. प्रत्यक्षात 24 ला 49.1 टक्केच मिळतात. निम्म्याच्या वर जायला 25 लागतात.

प्रश्न : मग खोटा फासा ओळखायचा कसा?

उत्तर : आधी समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 येते का पाहा, एखादा अंक दोनदा छापला असेल तर इथेच कळेल. मग फासा पेल्यात हलवून सपाट टेबलावर 600 वेळा टाका, प्रत्येक अंकाच्या खुणा करा. प्रत्येक अंक 100 च्या आसपास यावा. 82 ते 118 ठीक. सहांपैकी एखादा थोडा बाहेर गेला तर लगेच संशय नको, पण 130 झाले तर फासा बदला. फक्त 60 फेकींवर निकाल देऊ नका : तिथे चांगल्या फाशावरही एखादा अंक 5 वेळा आणि दुसरा 15 वेळा येऊ शकतो.