तीन फुटांचा पट आणि घट्ट मूठ

प्रश्न : गोल्फच्या सरावात तीन फुटांचे पट (बॉल होलमध्ये घालायचे हलके फटके) डोळे झाकून जातात. स्पर्धेत शेवटच्या होलवर तोच पट कडेवरून निसटतो. सराव वाढवू का? (कॅम्प, बेळगाव)

वाढवू नका, बदला. होलचा खड्डा सव्वाचार इंच रुंद, बॉल १.६८ इंचांचा. तीन फुटांवरून पटरचं (पट मारायच्या काठीचं) तोंड तीन अंश वाकडं असलं तरी हळू आलेला बॉल आत पडू शकतो. दहा फुटांवर मात्र जेमतेम एका अंशाची मुभा उरते. म्हणजे इतक्या जवळून नेम सहसा चुकत नाही, हात चुकतो. ताण आला की मूठ आवळते, पटर बॉलपाशी येताना अडखळतो आणि बॉल गेला का ते बघायला मान आधीच वर होते. मान उठली की खांदे फिरतात, त्यांच्यामागे पटरचं तोंडही.

एकाच जागेवरून वीस बॉल मारण्याचा सराव इथे कुचकामी, कारण दुसरा बॉल नेहमी हाताशी असतो. होलभोवती तीन फुटांवर दहा बॉल गोल मांडा. दहाही लागोपाठ घालायचे; नववा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आठव्यापासून छातीत जे धडधडायला लागतं, त्याचाच सराव हवा आहे. सोबत मित्र असेल तर हरणाऱ्याने कुंदा द्यायचा, ही शर्तही चालेल.

फटक्याआधीचा क्रम ठरवून टाका: बॉलमागे उभं राहून उतार बघा आणि निर्णय तिथेच संपवा. होलकडे बघत, बॉलला न लावता, एक कोरा स्ट्रोक. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पवित्रा, होलकडे एक नजर, फटका. मुठीचा जोर दहापैकी चार. सगळं वीस-पंचवीस सेकंदांत होतं. नियमांनी सुचवलेली मर्यादा ४० सेकंदांची आहे. पवित्रा घेतल्यावर शंका आली तर मागे या आणि क्रम पहिल्यापासून धरा. बॉलवर वाकून विचार करत बसणं हेच सगळ्यात महाग पडतं. फटक्यानंतर बॉल होलमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा, डोळे जमिनीवरच.

प्रश्न : चार फटक्यांची आघाडी होती, शेवटच्या दोन होलवर सगळी गेली. धीर सुटला असं सगळे म्हणतात. (खानापूर)

धीर नंतर सुटतो, हिशेब आधी. १९९९च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीच्या शेवटच्या, पार चारच्या (चार फटक्यांत संपवायच्या) होलवर फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्डे तीन फटक्यांनी पुढे होता (कमी फटक्यांचा जिंकतो). सहा फटके चालले असते. त्याने टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब (काठी) काढला, दुसऱ्या फटक्याला लांब आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब). तो बॉल प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून दाट गवतात आला, पुढचा ओढ्यात. सात झाले, आणि बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. टीवर जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: किती फटके परवडतात? सहा परवडत असतील तर ओढ्याच्या अलीकडे बॉल ठेवणारा क्लब काढा. बघणारे भित्रा म्हणतील, म्हणू देत.

प्रश्न : गोव्यात खेळलो तर सात नंबरचं आयर्न आखूड पडत होतं. दडपणामुळे का? (बेळगाव)

बहुधा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे बॉल दोन-तीन टक्के लांब जातो. इथले १५० यार्ड किनाऱ्यावर १४६-१४७ होतात. आदल्या दिवशी तिथेच प्रत्येक क्लबचं अंतर मोजा, नाहीतर स्विंगमध्ये नसलेला दोष शोधत बसाल. शेवटच्या होलवर उलटही घडतं: अंगात आलेल्या जोराने बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) मागे जातो.

प्रश्न : मुलगी ज्युनियर स्पर्धा खेळते. बाहेरून काय सांगावं? (निपाणी)

फेरी चालू असताना काहीच नाही. कॅडीशिवाय (बॅग उचलणाऱ्या सोबत्याशिवाय) कोणाकडे तिने सल्ला मागितला तर दोन फटक्यांचा दंड बसतो. डबा, पाणी, टोपी एवढंच तुमचं काम. टोकियो ऑलिंपिकमध्ये पदक एका फटक्याने हुकलेली आपल्या कर्नाटकची अदिती अशोक लांब फटक्यांसाठी नव्हे, पटिंगसाठी नावाजली जाते; तेव्हा अंतरावरून मुलीला बोलू नका.

एक सवय मात्र घरी लावा. स्कोअरकार्डवर सही करण्याआधी तिने मार्करसोबत (तिचे फटके लिहिणाऱ्यासोबत) प्रत्येक होलचा आकडा मोठ्याने वाचावा. कमी आकड्यावर सही झाली तर साधारणपणे बाद. जास्तीवर झाली तर तोच कायम. १९६८च्या अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोच्या कार्डावर सतराव्या होलला तीनऐवजी चार लिहिलं होतं. त्याने न बघता सही केली आणि प्लेऑफ खेळण्याची संधी गमावली.