पणजीसारख्या छोट्या शहरात सिग्नलवर कॅमेरे लावून, डेटा वापरून वाहतूक सुधारते का? प्रदूषण खरंच कमी होतं का? आणि ई-बसने काही फरक पडतो का? (प्रोजेक्टसाठी विचारतोय)

हो, होतं. पण तुम्ही लिहिलेल्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांपेक्षा बसच्या तिकिटांतून जास्त हाती लागेल. सिग्नल नीट जुळवले की गाड्या उभ्या राहून धूर सोडणार नाहीत, तेवढा फायदा आहेच. गाड्या मात्र तितक्याच राहतात.

मी फोंड्याहून पणजीला कामाला जातो, तेव्हा हिशेब याच वाटेचा मांडतो. अंतर साधारण 30 किलोमीटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा 2.3 किलो. स्कूटर लिटरला 45 जाते असं धरलं तर एका खेपेला दीड किलो. एकट्याने कार नेली, 15चं अ‍ॅव्हरेज धरा, साडेचार किलो. बस लिटरला 4 देत असेल तर खेपेला 20 किलो. त्यात चाळीस जण बसले तर माणशी अर्धा किलो. पण दहाच असतील तर दोन किलो, म्हणजे स्कूटर परवडली! म्हणून नुसतं ‘बस वाढवा’ म्हणून भागत नाही. कुठल्या वेळेला, कुठून कुठे, किती माणसं, हे कळायला हवं.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, शटलचं (मध्ये न थांबणाऱ्या बसचं) तिकीट आधी काउंटरवर काढून मग बसमध्ये चढायचं असतं. त्यामुळे कुठल्या तासाला किती मागणी आहे ते तिथे आपोआप नोंदलं जातं. खाजगी बसमध्ये कंडक्टरच्या बोटांत नोटांच्या उभ्या घड्या असतात, तो पैसे घेतो, सुटे परत करतो आणि पुढे सरकतो. तिकीट मागितलंत तर तुमच्याकडे पाहुणा आल्यासारखा बघतो. बस स्टँडवर भरेपर्यंत थांबते आणि मग वाटेतल्या कुंडईचा पॅसेंजर मागच्या बसला मिळू नये म्हणून सुसाट सुटते. या सगळ्याची नोंद कुठेच नाही. खाजगी बसमालकांना कदंबबरोबर आणणारी ‘म्हजी बस’ योजना मला त्यासाठीच महत्त्वाची वाटते.

वेळापत्रक लोकांपर्यंत पोचवायची सोय जुनीच आहे. 2005 साली अमेरिकेतल्या पोर्टलंडची बससेवा आणि गूगल यांनी मिळून थांबे, मार्ग आणि वेळा एका ठरावीक साच्यात भरल्या. तोच साचा पुढे जीटीएफएस म्हणून जगभर पसरला. मोबाइलच्या नकाशावर बसची वेळ दिसते ती बहुतेक यातूनच. पण भरल्यावर सुटणारी बस या साच्यात बसवायची कशी, हा आपला खास प्रश्न.

आता खरी मेख. तिकिटं मोजून बसमध्ये चढलेली माणसं कळतात. रात्री परतायला बस मिळेल याची खात्री नाही म्हणून ज्यांनी हप्त्यावर स्कूटर घेतली, ती त्यात नसतात. आकडे बघणारा साहेब म्हणणार, संध्याकाळी उशिरा प्रवासीच नाहीत, फेरी बंद करा. फेरी बंद झाली की आणखी चार जण शोरूममध्ये. गोव्यात माणशी एक वाहन झालंय ते काही निव्वळ हौसेपोटी नाही.

ई-बसबद्दलही विचारलंय. शहरातला धूर आणि घरघर नक्की जाते. पण देशातली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, त्यामुळे ई-बस रिकामी धावली तर कार्बनच्या हिशेबात फारसं काही वाचत नाही. तिथेही सगळं भरण्यावर आलं.

प्रोजेक्टची सुरुवात 2011च्या जनगणनेतून करा. कामावर किती लांब आणि कशाने जाता, हे त्यात विचारलं होतं. आकडे जुने आहेत, पण जिल्हावार मिळतात. मग कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा आणि स्कूटरवाल्यांना दोनच गोष्टी विचारा: घर कुठे, आणि किती वाजताची बस असती तर गाडी घरी ठेवली असती? बसवाल्यांना विचारू नका, ते म्हणतील सगळं ठीक चाललंय.