ब्राइटनेस पूर्ण ठेवूनही व्हिडिओ लावला की फोनची स्क्रीन अंधुक का होते? डिस्प्ले बदलावा का?

डिस्प्ले बदलू नका, निदान या आठवड्यात तरी नाही. तुम्ही लिहिले आहे की मेसेज वाचताना, फोटो पाहताना स्क्रीन लख्ख असते, फक्त व्हिडिओ सुरू झाला की चित्र काळवंडते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने फोन हातात घेताच ‘डिस्प्ले गेला’ असे सांगितले. दुसरे अ‍ॅप वापरून फरक पडेल का, असेही तुम्ही विचारले आहे. ‘डिस्प्ले गेला’ हे दोन शब्द तीन वर्षांपूर्वी आमच्या घरातही उच्चारले गेले होते आणि त्यांच्यापायी माझ्या आईचा चांगला चालणारा फोन बिघडला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

झाले असे की ताईने तिच्या मुलीच्या नाचाचा व्हिडिओ आईला पाठवला. पाठवताना दर्जा उतरू नये म्हणून तिने तो डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली. ताईच्या फोनवर पाहिले तर भाचीच्या पांढऱ्या फ्रॉकवरच्या टिकल्या झगमगत होत्या. आईच्या फोनवर तोच फ्रॉक धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा राखाडी दिसत होता आणि पोर सावलीत उभी राहून नाचते आहे असे वाटत होते. आई दोनदा चष्मा पुसून म्हणाली, “अगं, हिचा चेहराच दिसत नाही मला.” आईची दुसरीही एक तक्रार होती. कोणताही व्हिडिओ पाहण्यासाठी फोन आडवा धरला की काही सेकंदांनी स्क्रीन हळूहळू मंदावत जाते, असे ती बरेच दिवस सांगत होती.

या दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या ‘डिस्प्ले गेला’ या शब्दांवर विसंबून दादाने त्यांची एकच मोट बांधली. मी म्हणाले, “दादा, फोटो तर स्वच्छ दिसतात ना? मग डिस्प्ले कसा गेला असेल?” त्यावर तो म्हणाला, “रोज शंभर फोन उघडणारा माणूस सांगतोय, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?” या प्रश्नाला त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज देता येते. आईच्या फोनचा पडदा ओएलईडी, म्हणजे ज्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा होता. अशा पडद्यावरच्या ठिपक्याला आपल्यावर अक्षर उमटते आहे की व्हिडिओतला आंब्याएवढा सूर्य, याचा पत्ता नसतो. त्याला जेवढा प्रकाश द्यायला सांगितले जाते तेवढा तो देतो. पांढऱ्या पानावर जो पडदा पूर्ण उजेड देतो, तो व्हिडिओच्या वेळेपुरता म्हातारा होत नाही. व्हिडिओच्या वेळी त्याला कमी उजेड द्यायला कोणीतरी सांगत असते आणि ते कोण, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे आणि ती तुम्ही हे वाचून झाल्याबरोबर करू शकता. व्हिडिओ थांबवा, स्क्रीनवर एकदा बोट टेकवा आणि खाली उमटणारे वेळेचे पांढरे आकडे पाहा. ते आकडेही मळकट दिसत असतील तर पूर्ण पडद्याचाच उजेड उतरला आहे. आकडे शुभ्र आहेत आणि त्यांच्यामागचे चित्र तेवढे काळवंडलेले आहे, असे असेल तर पडद्याकडे बोट दाखवण्याचे काही कारण नाही, कारण गडबड व्हिडिओच्या फाइलमध्ये किंवा ती वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये आहे. पाहताना फक्त आकड्यांकडे लक्ष द्या, कारण बहुतेक अ‍ॅप बटणे दाखवताना चित्रावर मुद्दाम एक काळसर पडदा ओढतात. आईच्या फोनवर नाचाच्या व्हिडिओत आकडे दुधासारखे पांढरे होते. मी ते दादाला दाखवले होते.

आता चित्रच तेवढे काळवंडण्याचे कारण. ताईचा फोन मुळातच एचडीआरमध्ये, म्हणजे साध्या व्हिडिओपेक्षा जास्त उजळ चमक टिपणाऱ्या प्रकारात, चित्रीकरण करत होता आणि त्यासाठी एचएलजी नावाची पद्धत वापरत होता. ही पद्धत ब्रिटनच्या बीबीसीने आणि जपानच्या एनएचकेने मिळून विकसित केली आणि २०१६ साली ती आंतरराष्ट्रीय मानकात आली. साध्या व्हिडिओत पांढरा कागद किंवा पांढरा फ्रॉक सिग्नलच्या जवळजवळ माथ्यावर असतो. एचएलजीमध्ये मात्र दिवे, सूर्य, टिकल्यांची चमक यांच्यासाठी वर जागा राखून ठेवतात आणि पांढरा रंग साधारण ७५ टक्क्यांवर बसवतात. एचडीआर समजणारा फोन हे ओळखून चित्र योग्य तेवढे उजळवतो. आईच्या जुन्या फोनने ती फाइल साधा व्हिडिओ समजून दाखवली, त्यामुळे पांढरा फ्रॉक ७५ टक्क्यांवरच राहिला. सिग्नल आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसल्याने ७५ टक्के सिग्नल म्हणजे पडद्याच्या पूर्ण उजेडाच्या जेमतेम निम्मा उजेड होतो. फ्रॉकच निम्म्यावर आला तर चेहरा कुठे जाईल, हे तुम्हीच पाहा.

तुमचा फोन नवा असेल आणि चित्रपट एचडीआरमध्ये लागत असेल तर गोष्ट थोडी निराळी असते. तिथे बहुधा पीक्यू नावाची दुसरी पद्धत असते, जी २०१४ साली प्रमाणित झाली. तिच्यात सिग्नलच्या प्रत्येक आकड्याला १०,००० निटपर्यंतचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) ठरावीक प्रकाश नेमून दिलेला असतो, म्हणजे चित्र किती उजळ असावे हे फाइल ठरवते आणि तुमच्या ब्राइटनेसच्या पट्टीला तिथे पूर्वीसारखा मान राहत नाही. या पद्धतीत पांढऱ्या कागदाची शिफारस केलेली पातळी २०३ निट आहे. तुमच्या फोनचा पडदा पूर्ण ब्राइटनेसला ५०० निट देत असेल तर साध्या व्हिडिओतला कागद ५०० निटचा दिसतो आणि एचडीआर व्हिडिओतला कागद दोनशेच्या आसपास. त्यातच १,००० किंवा ४,००० निटच्या मॉनिटरवर तयार केलेले चित्र ५०० निटमध्ये दाबून बसवताना कित्येक फोन मधल्या छटांचा, म्हणजे नेमका चेहऱ्यांचा बळी देतात. खोक्यावर एचडीआर असे छापले म्हणून तेवढ्या उजेडाचा पडदा आत असतोच असे नाही, आणि माझ्या मते अशा फोनवर एचडीआर बंद करून पाहिलेला चित्रपट जास्त चांगला दिसतो. अ‍ॅपमध्ये किंवा फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर बंद करण्याची सोय असेल तर ती वापरा.

आईच्या दुसऱ्या तक्रारीचे कारण मला तिच्या शेजारी बसल्यावर दिसले. उजेड मोजणारा सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास असतो. फोन उभा असतो तेव्हा ते टोक वर मोकळे राहते, पण आडवा धरला की तेच टोक हाताच्या मुठीत जाते. आईचा डावा अंगठा बरोबर त्या जागेवर विसावत होता. ऑटो ब्राइटनेस चालू असल्यामुळे फोनला वाटत होते की खोलीत अंधार झाला, आणि तो उजेड उतरवत होता. हे तत्काळ होत नाही. प्रकाश पुन्हा पुन्हा बदलून डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोन काही सेकंद थांबतो आणि मग उतरतो, त्यामुळे अंगठा आणि अंधार यांचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. मी आईचा अंगठा नखाएवढा बाजूला सरकवला आणि आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. थोड्या वेळात ती पहाट झाल्यासारखी उजळली. अंगठा परत ठेवला, पुन्हा मावळली. आईला एवढे पुरले. दादा म्हणाला, “अंगठ्यानं काय होतंय!” आणि दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन गेला.

नवा डिस्प्ले लागून फोन घरी आला तेव्हा दिवसा तो उजळ वाटला, हे मी मान्य करते. रात्री दिवे मालवून मी त्यावर एक संपूर्ण काळे चित्र लावले. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे पूर्वी असे चित्र लावले की फोन अंधारात दिसेनासा होत असे. आता तो धुरकट राखाडी रंगाने उजळून टेबलावर पडला होता आणि कडेने प्रकाश पाझरत होता. मूळ ओएलईडी काढून त्याजागी एलसीडी पडदा बसवला होता, आणि एलसीडीच्या मागचा दिवा काळ्या चित्रातही जळतच राहतो. त्यात काच बसवताना सेन्सरपुढची मोकळी जागा जराशी सरकली, त्यामुळे फोन उभा धरला तरीही ऑटो ब्राइटनेस उतरू लागला. नाचाचा व्हिडिओ होता तेवढाच अंधुक राहिला. तो उजळला कधी, तर ताईने एका संपादनाच्या अ‍ॅपमधून तोच व्हिडिओ साधा करून पुन्हा पाठवला तेव्हा. त्यात आईला टिकल्याही दिसल्या आणि चेहराही.

दादाचे म्हणणे आजही असे आहे की नवा डिस्प्ले उजळ दिसला, म्हणजे जुना गेलाच होता. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. जुन्या डिस्प्लेवर एखादा साधा, भर उन्हातला व्हिडिओ ऑटो ब्राइटनेस बंद करून कोणी पाहिलाच नव्हता. ते केले असते तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. शंभर फोन उघडणारा माणूस फोन उघडण्यात पटाईत असतो, यात शंका नाही, पण आईच्या अंगठ्याकडे पाहायला त्याला वेळ नव्हता आणि आम्हाला होता.

तुमच्या बाबतीत राहिलेल्या शक्यता थोडक्यात सांगते. आकडेही मळकट दिसत असतील तर आधी ऑटो ब्राइटनेस आणि बॅटरी सेव्हर बंद करा. अँड्रॉइड १२ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आणि आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ नावाची सोय असते. ती चुकून चालू राहिली तर एकूणच स्क्रीन उतरते, मात्र तुमच्याकडे बाकी वेळी उजेड चांगला असल्याने ही शक्यता कमी वाटते. अ‍ॅपबद्दल विचाराल तर, होय, फरक पडू शकतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये स्क्रीनच्या डाव्या बाजूला बोट वर-खाली ओढले की ब्राइटनेस बदलतो आणि तो त्या अ‍ॅपपुरताच असतो. फोनची पट्टी पूर्ण दिसते, अ‍ॅपमधून बाहेर आले की उजेड परत येतो, आणि माणूस चक्रावतो. एकदा डाव्या बाजूला बोट वर ओढून पाहा. फोन चार्जिंगला लावून किंवा उन्हात व्हिडिओ पाहत असाल तर तो तापल्यावर स्वतःहून उजेड उतरवतो आणि थंड होईपर्यंत चढवत नाही. जाहिरातीत छापलेले हजारो निट बहुधा ऑटो ब्राइटनेसवर, कडक उन्हात किंवा एचडीआर चित्राच्या छोट्याशा भागापुरते मिळतात, हेही ध्यानात असू द्या. चित्रपटगृहातला पडदा अवघा ४८ निटचा असतो आणि तो अंधुक आहे अशी ओरड कोणी करत नाही, कारण भोवती अंधार असतो. खिडकीकडे पाठ करून बसला असाल तर काचेत उमटणारे प्रतिबिंबच काळ्या प्रसंगांना गिळत असेल.

तीन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. काही फोनमध्ये एचडीआर चालू असताना पांढरी अक्षरे मुद्दाम थोडी उतरवलेली असतात, त्यामुळे आकड्यांची चाचणी साध्या व्हिडिओवरही एकदा करून खात्री करा. काही फोनमध्ये सेन्सर मागच्या बाजूलाही असतो, तेव्हा बोटे तिकडे कुठे टेकतात तेही पाहा. आणि डिस्प्ले खरोखर जातो, ते मी नाकारत नाही. ओएलईडीचे ठिपके वर्षानुवर्षांच्या वापराने क्षीण होतात. फोन पडला असेल, पाण्यात भिजला असेल, एका भागात डाग किंवा रेघ असेल, किंवा सर्व सोयी बंद करूनही साधे पांढरे पान पिवळट आणि मंद दिसत असेल तर दुरुस्तीला जरूर न्या.

न्यायचा झालाच तर मूळ प्रकारचाच पडदा बसवणार का, हे आधी स्पष्ट विचारा, पैसे देण्यापूर्वी तिथेच एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात काळे चित्र लावून पाहा, आणि काढलेला डिस्प्ले मागून घ्या. आमचा आम्ही तिथेच ठेवून आलो, त्यामुळे तो दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊन दादासमोर ठेवण्याची सोय राहिली नाही.