बाहुली मधेच पडते, उजेड लुकलुकतो

प्रश्न: ताई, आम्ही तिघं मित्र परळच्या चाळीतल्या खोलीत ३ मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुली जरा जरा हलवून एकेक फोटो काढायचा आणि ते जोडायचे) करतोय. चालवून बघितली की उजेड सारखा लुकलुकतो आणि बाहुली मधेच पडते. काय करू?

उत्तर: अरे, आधी खिडकीला काळा कपडा लावा, पावसाळ्यात ऊन-ढग सारखे बदलतात आणि तुमचा एक सेकंद शूट व्हायलाच अर्धा तास जातो, मग लुकलुकणारच ना! कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, म्हणजे तो आपोआप काही बदलणार नाही, व्हाइट बॅलन्ससुद्धा (फोटोतल्या रंगांची सेटिंग). आणि पांढरा शर्ट घालून सेटजवळ उभं राहू नका, त्याचाही उजेड पडतो (मला हे फार उशिरा कळलं).

बाहुली पडते म्हणजे पाय धरलेले नाहीत. तळव्यात नट बसवा, टेबलाच्या प्लायला भोक पाडून खालून स्क्रू आवळा, भोकं नंतर बुजवता येतात. सांगाड्याला अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्या, पण तीही वाकवून वाकवून तुटतेच, तेव्हा बाहुलीचे जास्तीचे हात आत्ताच करून ठेवा.

सेकंदाला २४ वेगळे फोटो कशाला, १२ काढा आणि प्रत्येक दोनदा वापरा, तरी तीन मिनिटांचे २१६० होतातच. बाहुली एकानेच हलवायची, दुसऱ्याने फोटो, तिसऱ्याने नोंदी आणि चहा. पंखा मात्र बंद हं, बाहुलीचे कपडे हलतात.