रिमेकवर मत देण्याआधी

भावा, मूळ सिनेमा आणि रिमेक एकाच रात्री लागोपाठ बघू नकोस. दुसऱ्यात फक्त फरकच दिसत राहतात. मध्ये चार-पाच दिवस जाऊ देत. मूळ आधी बघायचाच असेल तर डब केलेला नको, सबटायटल लावून मूळ भाषेतला बघ. डबिंगमध्ये नटाचा निम्मा अभिनय जातो.

‘सैराट’ (2016) आणि त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ (2018) घे. अजय-अतुल दोन्हीकडे, ‘झिंगाट’ दोन्हीकडे, तरी परिणाम वेगळा. कारण शोध: गोष्ट करमाळ्याकडच्या मातीतून उदयपूरला गेली आणि जातीची धार बोथट झाली. ‘सैराट’ जवळपास तीन तासांचा. पळून गेल्यावरच्या संसाराला, भांडणांना त्यात ऐसपैस वेळ मिळतो, म्हणून शेवट अंगावर येतो. नुसतं ‘मूळच भारी’ लिहिलंस तर त्याला मत म्हणत नाहीत, गाववाल्याचा अभिमान म्हणतात. शेवट फोडू नकोस, हे सांगायला नकोच.

उलट ‘दृश्यम’चं बघ. मूळ मल्याळम 2013 चा, हिंदी 2015 चा. तिथं डाव असा बांधलाय की गाव बदललं तरी चालतं.

रिमेक म्हणजे आळस, असं कोल्हापुरात बसून तरी म्हणू नये. इथल्याच दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी आपला 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ 1936 मध्ये स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा काढला.

लिहिताना एकच प्रसंग निवड, दोन्हीकडचा, आणि कॅमेरा कुठं थांबतो, पार्श्वसंगीत कधी बंद होतं तेवढं नोंदव. स्टार नंतर दे.